माणकाच्या कुळातली राजकन्या

एका राज्यात उदयकेतू नावाचा राजा होता. त्याची एकुलती एक लेक इंदुलेखा. त्याच्या दरबारी कमळजा नावाची रत्नपारखीण होती. दुरून रंग पाहावा आणि खड्याचं नाव सांगून मोकळं व्हावं, असा तिचा रुबाब. लाल ते माणिक, हिरवा तो पाचू. हात कशाला मळवायचे?

एके दिवशी कालभृंग नावाचा मायावी दरबारात आला. त्याने निळाशार खडा पुढे केला. "राजा, ही भेट. माणकाचं सख्खं भावंड आहे."

कमळजा बसल्या जागेवरून म्हणाली, "माणकाच्या कुळात निळं कोण जन्मलं? काच असेल."

दरबार खो खो हसला. कालभृंग हसला नाही. त्याने राजकन्येकडे बोट केलं, आणि ती होती तिथून नाहीशी झाली.

"ती आता माणकाच्या कुळातला खडा झाली. माझ्या गुहेतल्या ढिगात आहे. पारखीणबाईंनी तीनदा निवड करावी. प्रत्येक चुकीला राज्यातला एक रंग जाईल. तिसऱ्यांदा चुकल्या, तर राजकन्या जन्माची दगड."

राजाने बोटातली माणकाची अंगठी काढली. "हिच्याशी रंग ताडून पाहा, कमळजाबाई. माझी पोर आणा."

कमळजेने अंगठी घेतली. इंदुलेखेला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. राजकन्येची बोलकी साळुंकी खांद्यावर घेऊन ती तीन डोंगर ओलांडून गुहेत पोचली. ढीग कमरेइतका उंच होता. हिरा तेवढा त्यात नव्हता.

तिने अंगठीशी रंग ताडला आणि लालबुंद खडा उचलला. खरा खडा हातात बराच वेळ गार राहतो, हा लगेच कोमट झाला. काच! साळुंकी राज्यात डोकावून आली. "घरोघरचं कुंकू राखेसारखं झालंय."

"राजकन्येच्या हातात बांगड्या कोणत्या होत्या गं?" कमळजेने साळुंकीला विचारलं.

"हिरव्या."

कमळजेने पाचू उचलला. तीही निवड चुकली, आणि शेतं राखाडी पडली.

आता ती मटकन खाली बसली. मघाचे लाल खडे समोर करडे पडले होते. रंग गेला, पण दगड तर तिथेच होता! मग रंगाखाली दगडाचं स्वतःचं असं काय असतं? तीस वर्षांत हा प्रश्न तिला पडला नव्हता. तिला लाज वाटली, आणि लाजेहून मोठं कुतूहल वाटलं.

"कालभृंगा, उरलेले रंगही घेऊन जा. मला त्यांची अडचण होते."

गुहेच्या तोंडाशी बसलेला मायावी चमकला, पण त्याने रंग नेले. कमळजेने अंगठीतल्या माणकाची कड एकेका खड्यावर ओढायला सुरुवात केली. ओरखडा. बाजूला. पुन्हा ओरखडा. असे तीन दिवस गेले. शेवटी एका खड्यावर तिने कड ओढली, पुन्हा ओढली, जीव खाऊन ओढली. रेघसुद्धा उमटली नाही. हिरा सोडला तर माणकाला दाद न देणारं एकच, माणकाचंच कूळ.

"हीच आमची," ती म्हणाली.

रंग परत आले. तळहातावरचा खडा निळाशार होता. कमळजा बघतच राहिली, तोवर इंदुलेखा समोर उभी.

"किती घासलंत, पारखीणबाई!" ती दंड चोळत म्हणाली. कमळजेने तिला पोटाशी धरलं आणि ती ढसाढसा रडली.

मग ती कालभृंगापुढे वाकली. "तुमचा खडा खरा होता. मी तो हातातही घेतला नव्हता."

"मग आता घ्या."

कमळजेने आधी डोळे मिटले, आणि मग हात पुढे केला.

राजाला त्याची लेक मिळाली, तशी हरवलेली माणसं ज्याच्या त्याच्या घरी परत येवोत.