फोटोत न दिसलेली गाठ

"पण सर, फोटोच स्वच्छ आहे, तर गाठ आणायची कुठून?"

देवस्थळी सरांनी कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच पालुपद! निहार खानोलकर हुशार, त्यात वाद नाही. सुवर्णपदक घेऊन सरांच्या हाताखाली शिकायला आलेला डॉक्टर. पण हुशार माणसाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

समोर खाटेवर रखमाबाई गायखे. डावा पाय सुजलेला, चार पावलं चाललं की धाप. शिरेत रक्ताची गाठ असावी, असा संशय होता. म्हणून त्यांच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स काढून, त्यांना किरणोत्सारी खूण लावून पुन्हा अंगात सोडल्या होत्या. ताज्या गाठीला त्या जाऊन चिकटतात आणि कॅमेऱ्यात ती जागा उजळते. इथे काहीच उजळलं नव्हतं.

"घरच्यांना मी सांगूनही टाकलं," निहार म्हणाला. "रक्त पातळ करायचं औषध बंद, उद्या घरी."

त्याने सलाइनच्या नळीकडे हात नेला.

"थांब. औषध कधी सुरू केलंस?"

"काल, सर. बाई आल्या आल्या."

"गाठीला नवं काही चिकटू द्यायचं नाही, म्हणून काल तूच औषध दिलंस. आणि आज प्लेटलेट्स का चिकटल्या नाहीत, हे मला विचारतोस?"

निहारने नळीकडे नेलेला हात मागे घेतला.

सरांनी त्याचा हात धरला आणि अलगद बाईंच्या पोटरीवर टेकवला. पोटरी टणक होती, गरम होती.

"आई गं!" बाई कळवळल्या.

"स्वच्छ आहे ना?" सरांनी विचारलं.

निहारचा चेहरा उतरला. पण सुवर्णपदक ते! लगेच उसळलं.

"मग सोपं आहे, सर. औषध थोडं थांबवू. प्लेटलेट्स चिकटतील, गाठ झकास दिसेल!"

"आणि तेवढ्यात ती सुटून फुप्फुसात गेली तर?"

"पण सर, त्याशिवाय नक्की कळणार कसं?"

रखमाबाई एकदा सरांकडे, एकदा निहारकडे बघत होत्या. निहारच्या कानाखाली एक ठेवून द्यावी, असं सरांना मनापासून वाटलं.

मग म्हणाले, "फोटो कुणाला हवाय रे? या बाईंना, की तुला?"