हाकेच्या अंतरावरची नदी

काही माणसं घर विकत नाहीत. ती दुसऱ्याच्या मनातली इच्छा हळूच उचलतात, तिला रंग देतात आणि त्यालाच परत विकतात. याला व्यापार म्हणू नये; ही चोरी आहे.

फार फार पूर्वी एका राज्यात एक कुंभार आणि त्याची बायको राहत होती. बायकोचे गुडघे थकले होते आणि पाणी होतं लांब. कुंभार घडा उचलू लागला, की ती म्हणे, "तुम्ही चाक सोडलंत तर खायचं काय? माती?" मग ती लंगडत चढ चढे, आणि इकडे चाकावरचं मडकं वाकडं होई. पाण्याजवळ घर मिळावं, एवढंच त्याला हवं होतं.

एके दिवशी बाजारात घरं विकणाऱ्या एका माणसानं भलंमोठं कापडी चित्र टांगलं. त्यात घराच्या पायरीशी निळी नदी होती, नदीत हंस होते, आणि पायरीवर बसल्याबसल्या एक बाई हसत घडा भरत होती.

"नदी हाकेच्या अंतरावर!" विकणारा म्हणाला. "हे घर नव्हे मंडळी, हे सुख आहे. भाग्यवंतालाच लाभायचं. उद्या उरेल की नाही, सांगवत नाही."

कुंभाराला घर दिसलंच नाही. त्याला ती बाई दिसली. गुडघे धड होते तेव्हा त्याची बायको अशीच हसायची.

त्या मुलखात घर घेण्याआधी हाक घालून पाहायची रीत होती. एकानं पाण्याशी उभं राहायचं, दुसऱ्यानं उंबऱ्यावरून हाक मारायची. ओ ऐकू आली, तरच घर घ्यायचं.

"आधी हाक घालून पाहू या का हो?" बायकोनं विचारलं.

"अगं, तोवर दुसरं कुणी घेईल! आणि एवढं चित्र काढलंय, ते काय उगाच?"

जुनं घर देऊन त्यानं नवं घेतलं.

पहिल्याच सकाळी ती पाण्याला गेली. भाकरी निवली, तरी परतली नाही. कुंभारानं दारातून हाक मारली. ओ आली नाही. तो धावत सुटला. दोन टेकड्यांपलीकडे ती उतारावर बसली होती. भोवती घड्याच्या खापऱ्या. एक म्हातारी धनगरीण तिच्या सुजलेल्या गुडघ्याला पाला बांधत होती.

"तीनदा हाक मारली हो मी," बायको म्हणाली.

"मला ऐकूच आली नाही गं." त्याचे डोळे भरून आले.

तिनं त्याचा मातीनं माखलेला हात धरला. "माझ्यासाठीच फसलात. कळतं मला."

त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि घरी आणलं. जुनं घर काही परत मिळालं नाही. मग पाणी तोच आणी, आणि चाक अर्धा दिवस थांबून राही. पण दर बाजारी तो त्या चित्राखाली बसू लागला. येईल त्याला म्हणे, "आधी हाक घालून या." लोक जात, आणि घर न घेताच परतत. शेवटी विकणाऱ्यानं चित्र गुंडाळलं.

बाजाराला आलेली ती धनगरीण ते पाहून कुंभाराला म्हणाली, "घर डोळ्यांना कितीही आवडू दे लेकरा, घ्यायचं ते पायांनी चालून बघूनच, चित्रातल्या नदीनं आजवर कुणाचा घडा भरलेला नाही."