केळवणाच्या दिवशी जळालेला खटका

भाचीच्या केळवणाला पंधरा पानं वाढायची होती आणि नेमका त्याच सकाळी शेवंताकाकूंचा मिक्सर ढिम्म हलेना. मेन बोर्डातला स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, जळाला होता. वायरमनकडून तो काढून घेऊन काकू तडक अनंतशेठच्या दुकानात गेल्या.

पेठवाडीत विजेच्या सामानाचं दुकान ते एकच, त्यामुळे शेठचा तोरा मोठा. त्यांनी खटका दोन बोटांत उचलला.

"ही कंपनी बंद पडली. दुसरा खटका या बोर्डात बसायचा नाही, आणि हा कुठे मिळायचा नाही. अख्खा बोर्डच बदला!"

काकूंनी कोपऱ्यातल्या जुन्या बोर्डांच्या ढिगाकडे पाहिलं. "बरं. पण जुना बोर्ड मी माळ्यावर ठेवणार हं."

"छे छे! जुना इथे जमा करायचा. आमची पद्धतच आहे तशी."

"भंगार ते. तुम्हाला कशाला?"

"भंगार कसलं, काकू? त्यातले बाकीचे खटके ठणठणीत आहेत. लोक शोधत येतात!"

"मग मी काय फिरायला आलेय?" काकूंनी ढिगाकडे बोट दाखवलं. "त्यातला एक द्या की!"

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठनी ढीग उपसला, तसाच खटका काढला आणि तपासून दिला.

पायरी उतरताना काकू वळल्या. "संध्याकाळी जेवायला या, शेठ. चटणी जुन्याच मिक्सरवर वाटणार आहे, चालेल ना?"