नगारची आणि नालबंद

दोन राज्यांच्या सीमेवर एक छोटासा किल्ला होता. तिथे येसोबा नावाचा नगारची राहत असे. त्याने नगारा वाजवला की खालच्या गावाने गुरंढोरं घेऊन वर यायचं आणि दरवाजा बंद करायचा, असा रिवाज होता.

पलीकडच्या राज्यातला हैबती नालबंद हा येसोबाचा जिवलग मित्र. हैबती बोलायला लागला की घोडेसुद्धा कंटाळतात, असं लोक म्हणत. येसोबा मात्र दर जत्रेत दिवसभर त्याचं ऐकत बसे.

एकदा सकाळीच हैबती धापा टाकत आला.

"येसोबा, बायकोमुलांना घेऊन आत्ताच्या आत्ता सासुरवाडी गाठ. तीन दिवस मी फौजेच्या घोड्यांना नाल ठोकतोय. दुपारी आमचे लोक व्यापाऱ्यांच्या वेशात इथे शिरणार आहेत. कुणाला बोलू नकोस. मी सांगितलं हे कळलं, तर माझं डोकं जाईल."

येसोबा म्हणाला, "हैबती, माझ्यासाठी तू जीव धोक्यात घातलास. पण खाली दोनशे चुली पेटतात रे. मी नगारा वाजवणार. तुझ्या माघारी नको, म्हणून तोंडावर सांगतो."

"मग आपली दोस्ती संपली!" हैबती तणतणत निघाला.

तो सीमा ओलांडून दिसेनासा होईपर्यंत येसोबा थांबला. मग त्याने डोळे पुसले आणि नगाऱ्यावर टिपरी हाणली.

दुपारी 'व्यापारी' आले, तेव्हा दरवाजा बंद होता आणि तटावर सारं गाव दगड घेऊन उभं होतं. एक म्हातारी वरून ओरडली, "शेटजी, आज बाजार नाही!" आल्या पावली फौज परतली. कुणाला ओरखडाही उठला नाही.

किल्लेदाराने येसोबाला बोलावलं. "बातमी कुणी दिली? नाव सांग, नाहीतर चाकरी सोड."

येसोबाने टिपऱ्या त्याच्यापुढे ठेवल्या. "बातमी राज्याची होती, ती दिली. नाव मित्राचं आहे. ते मिळणार नाही."

किल्लेदार हसला. "इतक्या घट्ट तोंडाचा माणूस मी घालवू? उचल त्या टिपऱ्या!"

पुढच्या जत्रेत हैबती येईल असं येसोबाला वाटलं नव्हतं. तो आला, आणि कडकडून भेटला.

"त्या व्यापाऱ्यांत माझा धाकटा भाऊ होता," तो म्हणाला. "लढाई झाली असती, तर तुझ्या गावाचं रक्त त्याच्या हाताला लागलं असतं. मग आज मी कुठल्या तोंडाने जत्रेला आलो असतो?"

तात्पर्य: देशाशी इमान राखायला मित्राशी बेइमानी करावी लागत नाही, मित्राला तोंडावर खरं सांगायची छाती मात्र लागते.