केरबाची जर्मन

एका गावात एक भोळा पाववाला होता, केरबा. त्याच्या पावाला तालुक्यात तोड नव्हती. अक्कल तेवढी फुगायची राहिली होती. बायको यशोदा वैतागून माहेरी गेली. “जर्मनीच्या बेकरीत नोकरी लागली तरच नांदायला येईन,” म्हणाली. तेव्हा अख्खं गावच जर्मनीला निघालं होतं.

केरबानं भागवत मास्तरांचा जर्मनचा क्लास लावला. मास्तरांनी जर्मनी फक्त नकाशात पाहिली होती, पण बोलायचे असं, जणू कालच परतलेत.

पहिला धडा. “जे दिसला की ‘य’ म्हणायचं. जे-ए, ‘या’. म्हणजे ‘हो’.”

केरबानं मनाशी खूणगाठ बांधली. घरी येऊन यशोदाला मोबाइलवर विचारलं, न्यायला येऊ का? ती मराठी लिहायची इंग्रजी अक्षरांत. तिनं रागानं लिहिलं, ‘जा!’ केरबानं वाचलं, ‘या!’ नवा शर्ट घालून सासुरवाडीला हजर.

“तुम्हांला कुणी बोलावलं?”

“तूच की. जे-ए!”

यशोदानं कपाळावर हात मारला.

दुसरा धडा. “शब्दाच्या सुरुवातीला एस, पुढं स्वर, की ‘झ’.”

त्या आठवड्यात यशोदाचा भाऊ केरबाकडं आला होता. यशोदाचा मोबाइलवर निरोप आला, ‘दादाला स्टँडवर सोडा.’ केरबानं वाचलं, ‘झोडा.’ त्याचा दादावर राग नव्हता, पण बायकोचा शब्द कसा मोडणार? स्टँडवर नेऊन त्यानं दादाला मनापासून झोडलं.

“अहो पाहुणं, मी काय केलं?”

“मला काय ठाऊक? बहिणीला विचारा!”

हे ऐकून मास्तर खवळले. “गाढवा, जसं लिहिलंय तसंच वाच! पुन्हा अक्षर बदललंस तर याद राख!”

केरबानं कान धरले.

मुलाखतीला जर्मन साहेब आला. शंभर उमेदवार, जागा एक. केरबाचा पाव खाऊन साहेबानं डोळे मिटले, दुसरा मागितला. मग केरबाच्या अर्जावर दोन टपोरी अक्षरं लिहून कागद त्याच्या हातात दिला. जे आणि ए.

केरबानं एकही अक्षर न बदलता वाचलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं साहेबाला नमस्कार केला आणि निघाला.

फाटकाशी यशोदा पिशवी भरून उभी होती. मागून साहेब जिवाच्या आकांतानं ओरडत होता, “या! या!”

“अहो, साहेब बोलावतोय!”

“तोंडी बोलण्यावर जाऊ नये,” केरबानं कागद पुढं केला. “लेखी ‘जा’ आहे.”