लाडूकाकू आणि बाभळीवरची माकडीण

दारात कुणी भुकेलं उभं राहिलं, तर तुम्ही काय कराल? आपल्या घासातला घास काढून द्याल ना? मग ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

एका गावात एक काकू राहत होत्या. त्यांचं खरं नाव आता त्यांनाही आठवून सांगावं लागे, कारण लहानथोर सगळे त्यांना लाडूकाकू म्हणत. त्यांच्या फडताळात दाण्यागुळाच्या लाडवांचा एक पितळी डबा असे आणि तो कधी रिकामा राहत नसे. पोस्टमन आला, लाडू. गॅसवाला आला, लाडू. पत्ता विचारायला कुणी अनोळखी थांबला, तर पत्त्याआधी लाडू. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं, की दारात आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. काकूंनी ते जन्मभर पाळलं.

काका मात्र थट्टा करत. आमच्या घरी चोर आला तरी ही त्याला दोन लाडू बांधून देईल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्यांची पुतणी केतकी नोकरीसाठी आफ्रिकेत राहत होती. एका वर्षी तिने आग्रह करून दोघांना बोलावून घेतलं आणि तिथल्या एका मोठ्या राष्ट्रीय उद्यानात सफारीला नेलं. काकांची एकच इच्छा होती. त्यांना उभा राहिलेला, जागा सिंह पाहायचा होता. लहानपणी सर्कशीत पाहिलेला सिंह म्हातारा होता आणि त्याला जांभया येत होत्या, ही खंत त्यांच्या मनात अजून होती.

काकूंनी सोबत पितळी डबा घेतला होता.

उद्यानाच्या फाटकावर नियमांची पाटी होती. गाडीतून उतरू नका, मोठ्याने बोलू नका, प्राण्यांना खायला घालू नका. केतकीने ती वाचून दाखवली. काकू म्हणाल्या, सिंहाला लाडू द्यायला कोण जाणार आहे बाई? सगळे हसले आणि गाडी आत गेली. पाटीचा विचार मग कुणी केला नाही. काकूंनी फाटकावरच्या माणसाच्या हातावर मात्र लाडू ठेवला.

काय सुंदर माळ होता तो. कापणीला आलेल्या ज्वारीसारखं पिवळं गवत, पण बांध कुठेच नाही. मध्येमध्ये छत्रीसारख्या पसरलेल्या बाभळी. कुंपणावरून शेजारी डोकावावा तसे जिराफ झाडांवरून डोकावत होते. झेब्रे एकमेकांच्या पाठीवर मान टाकून उभे होते, म्हणजे एकाने इकडे पाहायचं, दुसऱ्याने तिकडे. रानडुकरं शेपटी ताठ उभी करून पळत सुटली, तेव्हा काकूंना हसू आवरेना. हत्तीणीच्या पोटाखालून चालणारं पिल्लू पाहून त्यांनी नकळत हात जोडले.

सिंहही दिसला. तो झाडाखाली पाय वर करून झोपला होता. काकांनी पुष्कळ वाट पाहिली. शेवटी त्यांनी केतकीला विचारलं, की याला उठवायची काही सोय आहे का. गाडीवाल्याने सांगितलं, सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपूनच काढतो.

"मग याच्यात आणि तुझ्या भावात फरक काय?" काका काकूंना म्हणाले.

"माझा भाऊ जेवायला तरी उठतो," काकू म्हणाल्या.

मुक्कामाला कापडी तंबू होते. प्रत्येक तंबूपुढे लाकडी ओसरी आणि ओसरीवर बाभळीची सावली. तिथली सगळी व्यवस्था नसेरियन नावाची एक बाई पाहत असे. ती तिथल्याच गुराख्यांच्या जमातीतली होती. अंगावर लाल वस्त्र, गळ्यात मण्यांचा रुंद हार आणि आवाज असा, की हाक मारली तर टेकडीपलीकडची गाय वळावी. ती काकूंना मामा म्हणे. त्या देशात आईला मामा म्हणतात हे कळल्यावर काका दिवसभर हसत होते. काकूंनी नसेरियनलाही लाडू दिला. तिने तो डोळे मिटून खाल्ला.

दुपारी जेवण झाल्यावर सगळे आडवे झाले. काकूंना दुपारी झोप लागत नसे. त्या ओसरीवर बसल्या होत्या, तेवढ्यात समोरच्या बाभळीवरून एक माकडीण उतरली. राखाडी अंग, काळं तोंड, कपाळावर पांढरी पट्टी, आणि पोटाला बिलगलेलं एवढंसं पिल्लू. ती ओसरीच्या पायरीशी येऊन बसली आणि काकूंकडे पाहू लागली.

काकूंना फाटकावरची पाटी आठवली नाही. त्यांना सासूबाई आठवल्या. लेकुरवाळी दारात आली आहे, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी लाडू फोडून अर्धा पायरीवर ठेवला.

दुसऱ्या दुपारी माकडीण पायरी चढून आली. त्याच्या पुढच्या दुपारी ती खुर्चीच्या हातावर बसली आणि काकूंच्या हातातून लाडू घेतला. तिची बोटं थंड आणि मऊ होती, लहान मुलीसारखी. काकू तिला बाय म्हणू लागल्या. ही गंमत त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलंच नाही.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या मांडवात गडबड झाली. शेजारच्या तंबूतली एक छोटी मुलगी हातात पाव घेऊन चालली होती. माकडीण खांबावरून उतरली, सरळ तिच्यापाशी गेली आणि हात पुढे केला. मुलगी घाबरून किंचाळली. माकडिणीने पाव ओढला आणि मुलीच्या मनगटावर नखं लागली. जखम मोठी नव्हती, पण रक्त आलं.

नसेरियनने मुलीचा हात धुतला, औषध लावलं आणि मग सगळ्या पाहुण्यांसमोर उभी राहिली. केतकी काका-काकूंना अर्थ सांगत होती. हे माकड कालपरवापर्यंत माणसाजवळ येत नव्हतं, नसेरियन म्हणाली. कुणीतरी त्याला हाताने खायला घातलं आहे. एकदा माणसाचा हात म्हणजे खाऊ असं त्याला कळलं, की ते प्रत्येक हाताशी जातं. मग तंबूत शिरतं, मग चावतं. परवा सकाळी उद्यानाची माणसं पिंजरा घेऊन येतील. ती समोर खाऊचं ताट ठेवून पाहतील. माकडीण ताटाजवळ आली, तर तिला पकडून दूरच्या माळावर नेऊन सोडतील.

काकांनी विचारलं, म्हणजे सुखरूपच सोडतील ना? केतकीने ते विचारलं. नसेरियनने नकारार्थी मान हलवली. परक्या टोळीत परकं माकड टिकत नाही, ती म्हणाली. आणि तिच्या पोटाशी तान्हं आहे.

मग तिने विचारलं, कुणी खायला घातलं होतं?

काकांनी टेबलाखालून काकूंच्या पायाला पाय लावला. हळूच म्हणाले, गप्प राहा, परवा आपण जाणारच आहोत, कुणाला कळणार आहे?

काकूंनी त्या मुलीच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"मी घातलं," त्या म्हणाल्या. "दाण्याचा लाडू. रोज दुपारी."

केतकीने मान खाली घालून तेवढंच सांगितलं. मुलीच्या आईने काकूंकडे रागाने पाहिलं. काकूंनी ते पाहणं सोसलं. मग त्यांनी नसेरियनला विचारलं, की आता तिला वाचवायला काय करता येईल.

उद्याचा दिवस आहे, नसेरियन म्हणाली. माकडिणीला पुन्हा माणसाची भीती वाटायला हवी. पण मी भांडं वाजवलं तर ती मलाच घाबरेल आणि तुमच्या ओसरीवर येऊन बसेल. ती ज्या हातावर विसंबली आहे, त्या हातानेच तिला हाकललं पाहिजे.

काकूंचे डोळे भरून आले. दारात आलेल्याला मी कधी हाकललं नाही, त्या म्हणाल्या. माझ्याने ते होणार नाही.

नसेरियन त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिने समोरच्या बाभळीकडे बोट केलं आणि सांगितलं, की हे झाड माकडिणीला शेंगा देतं, फुलं देतं, खोडातून डिंक देतं. पिल्लू झालेली माकडीण सगळ्यात आधी डिंकच शोधते.

काकू चमकल्या. बाळंतिणीला डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः किती वेळा करून घातले होते. ज्या झाडाकडे हे सगळं होतं, त्या झाडावरून त्यांनी तिला खाली बोलावलं होतं.

"मामा," नसेरियन म्हणाली, "तुम्ही परवा घरी जाल. ती इथेच राहणार आहे."

दुसऱ्या दिवशी सफारीची शेवटची फेरी होती. गाडीवाला उत्साहात होता, कारण नदीकाठी सिंहांचा कळप जागा असल्याची खबर आली होती. काकूंनी सांगितलं, तुम्ही जा, मी थांबते. गाडी निघाली. काकू ओसरीवर बसल्या. मांडीवर पितळी डब्याचं झाकण आणि हातात जेवणाचा चमचा. डब्यातले सगळे लाडू त्यांनी सकाळीच त्या छोट्या मुलीला आणि तिथल्या काम करणाऱ्या माणसांना वाटून टाकले होते. मुलीच्या आईने आधी नको म्हटलं, मग एक खाऊन पाहिला, मग दुसरा मागितला.

थोड्या वेळाने पावलं वाजली. मुक्कामाच्या हद्दीतच गाडीतून उतरून काका परत आले होते.

"अहो, सिंह?" काकूंनी विचारलं.

"आपण पोहोचेपर्यंत तो झोपलेला असणार," काका म्हणाले. "सरक तिकडे. मला एक ताट दे."

ऊन चढलं तशी माकडीण आली. पिल्लाने तिच्या पोटाशी तोंड खुपसलं होतं. ती नेहमीसारखी पायरीशी थांबली, काकूंकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

काकूंचा चमचा वर गेला आणि तिथेच थांबला. काकूंच्या मनात आलं, की आपण आपल्या मुलाचं अंगावरचं दूध तोडलं, तेव्हा छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता. तो रात्रभर रडला होता. आपण काय त्याचे वैरी होतो?

त्यांनी चमचा झाकणावर मारला. ठण्ण.

माकडीण दचकून मागे सरली. पण गेली नाही. तिला वाटलं असावं, चुकून वाजलं. ती पुन्हा पायरीशी आली. काकूंनी पुन्हा वाजवलं आणि या वेळी उभं राहून पाय आपटला. काकांनी ताट वाजवायला सुरुवात केली. वरातीतला ताशेवालाही लाजला असता, असं वाजवत होते. माकडीण उडी मारून गवतात गेली आणि तिथून मागे वळून काकूंकडे पाहिलं. ते पाहणं काकू पुढे कधी विसरल्या नाहीत.

"जा बाय," त्या म्हणाल्या. "तुझं घर तिकडे आहे."

ती पुन्हा आली. पुन्हा वाजवलं. काका पाणी प्यायला गेले, तेव्हा आली. काकूंचे हात दुखायला लागले, तेव्हा आली. एकदा तर मागच्या बाजूने येऊन खुर्चीच्या हातावर बसली. काकूंनी मान फिरवून घेतली, म्हणजे डोळे दिसायला नकोत, आणि तिच्या कानाशी झाकण वाजवलं. त्या वेळी ती जी पळाली, ती थेट बाभळीच्या शेंड्यावर गेली. ऊन उतरलं, तरी खाली आली नाही.

संध्याकाळी गाडी परतली. सिंह जागा होता, उभा होता, त्याने गर्जनाही केली होती. केतकीने भीतभीत ते सांगितलं. काका म्हणाले, आम्ही केलेला आवाज त्याला ऐकू गेला असेल, म्हणून उठला असेल. काकू इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या.

त्यांना जेवण मात्र गेलं नाही. नसेरियनने त्यांना दुधाचा गरम चहा आणून दिला आणि बराच वेळ त्यांचा हात हातात धरून बसली. दोघींची भाषा वेगळी होती आणि केतकी तिथे नव्हती, पण काही अडलं नाही.

तात्पर्य इथेच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी सकाळ तेवढी राहील. दारात आलेल्याला काय द्यायचं, ते आपल्या मनाच्या समाधानावरून ठरवू नये, त्याच्या भल्यावरून ठरवावं. कुणाला लाडू द्यावा लागतो, आणि कुणाला त्याचं झाड.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्याची गाडी आली. माणसांनी पायरीवर खाऊचं ताट ठेवलं, वाट पाहिली, नसेरियनने केलेला चहा घेतला आणि पिंजरा रिकामाच परत नेला. माकडीण बाभळीच्या उंच फांदीवर पिल्लाला घेऊन बसली होती आणि खोडावरचा डिंक खरवडून खात होती. काकूंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. ती खाली आली नाही.