पक्का पूल, सैल ओंडका

पक्कं म्हणजे काय?

हा प्रश्न एका धाकट्या भावाने भर गावासमोर विचारला होता. गावात शहाणी माणसं पुष्कळ होती. कारभारी होता, जोशी होता, गवंडी होता. कोणी धड उत्तर दिलं नाही. काही जण हसले, आणि ते हसणं हेच उत्तर समजून सगळे घरी गेले.

गोष्ट जुनी आहे. इतकी जुनी की त्या राजाचं नाव आता कोणाला आठवत नाही, आणि ते आठवावं असं त्याने काही केलंही नाही. लहानांनी ही गोष्ट ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण हिच्यात जी चूक झाली ती सगळी मोठ्यांनीच केली.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावासमोरून नदी जायची. ती रुंद नव्हती, पण खोल होती आणि तिच्या पोटात मोठमोठे खडक होते. पलीकडे दुसरं गाव. मध्ये साकव, म्हणजे ओंडके, बांबू आणि रानवेली बांधून केलेला हलता पूल. पावसाळ्यात नदी तो घेऊन जायची आणि पाऊस सरला की दोन भाऊ तो पुन्हा बांधायचे. त्यांचे आईबाप लवकर गेले होते. थोरल्याने धाकट्याला आधी भाकरी खायला शिकवली, मग वेल आवळायला. धाकट्याला दुसरं कोणी नव्हतं.

त्या साकवाची एक रीत होती. पाय ठेवण्याआधी पहिल्या ओंडक्यावर टाच आपटायची आणि विचारायचं, "येऊ का रे?"

साकव करकरायचा. करकर भरीव वाटली तर पुढे जायचं. पोकळ वाटली तर थांबायचं आणि भावांना हाक मारायची. ते येऊन वेली आवळायचे, मग पुन्हा विचारायचं. डोक्यावर भारा घेतलेली बाई असंच करायची, गुरं वळणारा म्हातारा असंच करायचा. गावच्या म्हशीसुद्धा पहिल्या ओंडक्यापाशी थांबायच्या. त्यांना विचारता येत नव्हतं, पण थांबता येत होतं.

आणखी एक रीत होती. साकवाला कधी पक्का म्हणायचं नाही. कोणी विचारलं, "झाला का बांधून?" तर भाऊ सांगायचे, "बांधतोय." शेवटची गाठ मारून झाली असली तरी हेच सांगायचे. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, तसंच ते.

अशा त्या कच्च्या साकवावरून माणसं घसरली, भिजली. एकदा जोश्याचं धोतर वाहून गेलं आणि गाव पुढच्या पावसापर्यंत हसत राहिलं. पण मेलं कोणी नाही.

पक्का हा शब्द गावात नव्हता असं नाही. तो फक्त साकवावर जात नव्हता, बाकी सगळीकडे जायचा. धुऊन रंग न गेलेलं लुगडं पक्कं. भट्टीतून लाल होऊन निघालेली वीट पक्की. माप शिगोशीग भरलं तर शेर पक्का. दातांनीही न सुटणारी गाठ पक्की, आणि कधीच न सापडलेला चोर, तोही पक्का. थोरल्याचं लग्न पलीकडच्या गावातल्या मुलीशी ठरलं, सुपारी फुटली, तेव्हा सगळे म्हणाले, चला, लग्न पक्कं झालं. एकाच शब्दाला इतक्या घरी राबवलं की तो थकून गेला होता. पण शब्दाकडे कोण बघतो?

मग एक दिवस राजाचा कारभारी घोड्यावरून आला. त्याने सांगितलं की महाराज हिवाळ्यात या बाजूला येणार आहेत आणि महाराजांना हलणारं काही आवडत नाही. साकव काढून टाका. इथे पक्का पूल होईल.

दगड आले, विटा आल्या, चुना आला. दोघा भावांना सांगितलं की आता तुमचं काम संपलं. धाकट्याने हातातला कोयता नदीत भिरकावला. तो तसाच होता, आधी करायचा आणि मग विचार करायचा, तोही केला तर. थोरला पाण्यात उतरला, कोयता शोधून आणला आणि पुसून त्याच्या हातात दिला.

"बरं झालं की रे," तो म्हणाला. "तुझी वहिनी माहेरी जाताना भिणार नाही."

जोश्याने पुलाचा मुहूर्त काढला. योगायोग असा की लग्नाचा मुहूर्तही त्याच दिवशी आला. कारभारी फार खूश झाला. नव्या पुलावर पहिलं पाऊल नवरदेवाचं, मागून वऱ्हाड, आणि काठावर मांडवात बसून महाराज बघतायत, असं सगळं त्याने मनात रंगवून टाकलं. नवरदेवाने थोडं पुढे, एकट्याने चालायचं, म्हणजे महाराजांना नीट दिसेल, असंही त्याने ठरवलं.

आदल्या दिवशी त्याने गाव पुलापाशी गोळा केलं आणि एकेकाला विचारायला लागला.

वीटवाल्याने एक वीट उचलून नखाने ओरखडली. ओरखडा उठला नाही. "पक्की आहे," तो म्हणाला.

रंगाऱ्याने पुलाच्या लाल लाकडी कठड्यावर ओला फडका घासला. फडका पांढराच राहिला. "पक्का रंग," तो म्हणाला.

जोशी म्हणाला, मुहूर्त पक्का आहे, तो टळला तर पुढे वर्षभर नाही.

गवंडी जरा घुटमळला. त्याने चुना वाळण्याबद्दल काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. कारभाऱ्याने त्याला मध्येच तोडलं. "तुझं काम पक्कं झालंय की नाही, तेवढं सांग."

"काम पक्कं आहे," गवंडी म्हणाला.

"मग पूल पक्का," कारभारी म्हणाला आणि गाव माना डोलवू लागलं.

तेव्हा धाकटा पुढे आला आणि त्याने तो प्रश्न विचारला. "वीट पक्की, रंग पक्का, मुहूर्त पक्का. पण पक्कं म्हणजे काय?"

"पोरा," कारभारी म्हणाला, "पक्कं म्हणजे पक्कं."

गर्दीतून कोणीतरी बोललं, "थोरल्या, भावाला आवर. पूल झाला म्हणून याच्या पोटात दुखतंय." त्यावर हशा पिकला. थोरलाही थोडा हसला, आणि भावाचा खांदा धरून त्याला घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले. पलीकडच्या काठावर नवरी हिरव्या शालूत उभी होती. धाकट्याला कारभाऱ्याने वऱ्हाडाच्या अगदी मागे ठेवलं होतं, याचं बोलणं महाराजांच्या कानावर नको म्हणून.

थोरला पुलापाशी आला. जन्माची सवय होती. त्याने टाच उचलली.

"अहो नवरदेव," एक जण ओरडला, "पूल पक्का आहे. घाबरायचं तर बायकोला घाबरा."

वऱ्हाड खदखदून हसलं. मांडवात महाराजही हसले. कारभाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. थोरल्याची टाच क्षणभर तशीच वर राहिली. मग त्याने पाऊल हळूच खाली टेकवलं, आवाज होणार नाही असं. मागे वळून त्याने गर्दीत धाकट्याला शोधलं.

"येतो रे," तो म्हणाला.

तो मध्यावर पोचला तेव्हा मधला खांब बसला. कोसळलासुद्धा नाही, ओल्या चिखलाचा गोळा बसतो तसा बसला. मागचे लोक पळत मागे आले आणि वाचले. पुढे एकटाच होता. महाराजांना नीट दिसावं म्हणून.

धाकट्याने पाण्यात उडी घेतली. भावाला वर काढायला त्याला किती वेळ लागला ते सांगत नाही. एवढंच सांगतो की त्याच्या अंगावरून त्याने ज्या विटा उचलून टाकल्या त्यांतली एकही फुटली नव्हती. लाल कठडा खाली वाहत गेला आणि पाण्यात रंगाचा एक थेंब उतरला नाही. कोणी खोटं बोललं नव्हतं.

महाराजांनी तिथेच काठावर न्यायसभा भरवली. खोटं कोण बोललं, असं त्यांनी विचारलं. वीटवाल्याने वीट दाखवली. रंगाऱ्याने फडका दाखवला. जोशी म्हणाला, मुहूर्त टळला नाही. कारभारी म्हणाला, मी सगळ्यांना विचारलं होतं, गाव साक्षीला आहे.

गवंडी खाली मान घालून म्हणाला, "मला कामाचं विचारलं, महाराज. माझं काम पक्कंच होतं. चुना ओला होता. चुन्याचं मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

महाराजांनी पुष्कळ विचार केला. मग ते म्हणाले, यात माणसांचा दोष नाही, शब्दाचा आहे. आजपासून माझ्या राज्यात पक्का हा शब्द कोणी उच्चारू नये.

लोकांना हा न्याय फार आवडला. एवढा शहाणा राजा आपल्याला मिळाला, असं ते एकमेकांना सांगत राहिले. थोरल्याची राख थंड व्हायच्या आत कारभाऱ्याने नव्या पुलाला माणसं लावली आणि दवंडी पिटली की हा पूल मजबूत असेल. वीटवाला म्हणाला, विटा मजबूत. रंगारी म्हणाला, रंग मजबूत. जोशी नवा मुहूर्त शोधू लागला.

धाकटा दगड घेऊन कारभाऱ्याच्या अंगावर धावला. चार जणांनी त्याला धरलं. त्याच्या भावाला धरायला त्या दिवशी एक हात पुढे आला नव्हता.

त्यानंतर तो दारात बसून राहिला. कोणी भाकरी ठेवली तर ती कुत्र्याला घालायचा. लोक म्हणायचे, होईल हळूहळू सगळं ठीक. ठीक म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. विचारून काय मिळतं ते त्याला कळलं होतं.

एक दिवस नवरी आली. वरच्या अंगाला खूप लांब एक उतार होता, तिथून नदी ओलांडून ती चालत आली होती. हळद अजून तिच्या नखांत होती.

"भावजी," ती म्हणाली. लग्न झालं नव्हतं, तरी ती भावजीच म्हणाली. "तुमचे दादा माझ्याकडे बघत होते. पायाखाली नाही. साकव असता तर पायाखाली बघत आले असते. उशिरा आले असते. पण आले असते."

धाकटा पहिल्यांदा रडला.

"पूल त्यांना बांधू दे," ती म्हणाली. "तुम्ही साकव बांधा. माझ्या गावाहून इथे यायला दुसरी जवळची वाट नाही, आणि ह्यांच्या जागेवर दिवा लावायला मला यायचंय."

साकव एकट्याने बांधता येत नाही. वेल एकाने ओढावी लागते आणि पलीकडे दुसऱ्याने धरावी लागते. आजवर पलीकडे थोरला असायचा. आता नवरी पलीकडे उभी राहिली. तिचे हात सोलून निघाले, पण वेल तिने सोडली नाही. तिकडे कारभाऱ्याची माणसं मजबूत पुलाचे खांब उभारत होती, आणि अधूनमधून या दोघांकडे बघून काहीबाही बोलत होती.

सगळा साकव झाला. फक्त या काठाचा पहिला ओंडका धाकट्याने बांधला नाही. तो नुसता दोन दगडांवर टेकवून ठेवला. पाय पडला की तो थोडा सरकायचा आणि माणूस जागीच थबकायचा. पाडत मात्र नव्हता. तेवढी काळजी त्याने घेतली होती.

गुरं वळणारा म्हातारा तिथे आला. त्याने पाय टाकला, दचकला आणि थांबला. त्याने खाली पाहिलं. मग टाच आपटून त्याने साकवाला विचारलं, "येऊ का रे?"

नंतर तो धाकट्याला म्हणाला, "बाळा, हा एक ओंडका सैल राहिलाय."

"राहू दे."

"अरे, नीट आवळून टाक की. मजबूत होईल."

"म्हणूनच नाही आवळत."

म्हाताऱ्याने आपल्या टाचेकडे पाहिलं आणि मान डोलावली. तोवर चारदोन माणसं जमली होती. साकव बांधून झाला का, असं त्यांनी विचारलं.  धाकट्याने वेलीची उरलेली गुंडाळी म्हाताऱ्याच्या हातात दिली. करकर पोकळ आली की कुठे आवळायचं ते त्याला दाखवलं, आणि बजावलं की काहीही आवळा, पण पहिल्या ओंडक्याला हात लावू नका.

मग त्याने कोयता कमरेला खोचला. टाच आपटली. सैल ओंडका हलला, साकव करकरला, आणि तो खाली बघत बघत पलीकडे निघाला. गावाने सवयीप्रमाणे वाट पाहिली, आता हा 'येतो' म्हणेल.

"जातो," तो म्हणाला.

तात्पर्य: दुसऱ्याने ज्याला पक्कं म्हटलं त्यावर आपलं माणूस पाठवण्याआधी टाच आपटून विचारावं, कारण हसणारे हसून घरी जातात आणि 'येतो' म्हणून गेलेला येत नाही.